सत्तावीस सूत्रं आणि मागची खोली

१ सप्टेंबर, सकाळी ९.१०
नवी डायरी. जुनीची चारच पानं भरली, पण ती फार मुद्देसूद होती.

संकल्प: यापुढे दुकानात सगळ्यांनी स्पष्ट बोलायचं. सगळ्यांनी म्हणजे बाकीच्यांनी. माझा प्रश्नच नाही. बावीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, एकदाही कुणी म्हटलेलं नाही की तुमचं बोलणं कळलं नाही. गप्प बसतात, म्हणजे कळलेलंच असतं.

निमित्त आमच्या नव्या टेक्निशियन बाईंचं. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम त्यांच्याकडे. येऊन दोन महिने झाले. हात असा की विचारू नका. रुजू झाल्या त्याच दिवशी त्यांनी सांगितलं की मी ऑटिस्टिक आहे, आणि एक कागद दिला. चार ओळी. काय हवंय ते सरळ सांगा. कधीपर्यंत हवंय ते सांगा. हो की नाही ते सांगा. काही बदलणार असेल तर आधी सांगा. मी म्हटलं, एवढंच ना! आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवला. आज तो खिशातच सापडला. शर्ट दरम्यान सात-आठ वेळा धुतला गेलाय. पण आशय लक्षात आहे.

२ सप्टेंबर
सुरुवात झकास. सकाळी बाईंच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, जरा तेवढं बघून घ्या म्हणजे झालं. बाईंनी विचारलं, काय बघायचं, आणि कधीपर्यंत? म्हटलं, तेच, नेहमीचं, होईल तसं, पण लवकर. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान डोलावली. त्या बघतच राहिल्या.

शेवटी काउंटरवरच्या ताईंनी मध्ये तोंड घातलं की सात फ्रेम आहेत, निळ्या ट्रेमध्ये, चार वाजेपर्यंत. तीन चाळीसला सातही तयार. सूचना योग्य शब्दांत गेली की काम कसं होतं बघा. ताईंनीही दोन शब्द घातले, नाही असं नाही.

४ सप्टेंबर, दुपारी १.३०
बाई आल्या, एक प्रश्न आहे म्हणाल्या. त्यांचं टेबल काउंटरच्या मागे. डोक्यावर माझा रेडिओ, शेजारी काच घासायचं मशीन, दाराला घंटी. पाच वाजेपर्यंत डोकं फुटायला येतं. मागच्या खोलीत टेबल हलवता येईल का? उत्तर वीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत हवं, कारण हॉस्पिटलच्या नेत्र विभागातून त्यांना नोकरीसाठी बोलावणं आलंय आणि तिकडे त्याच दिवशी कळवायचंय. तिथे शांत खोली आहे. पण काम इथलं जास्त आवडतं, इथेच राहायला आवडेल. हो की नाही?

मी मोकळेपणाने म्हटलं, अहो, दुकान तुमचंच आहे! बाईंनी विचारलं, म्हणजे हो का? मी दिलखुलास हसलो. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं: उत्तर अजून नाही.

मागच्या खोलीत माझा सोफा आहे. दुपारी दोन ते साडेतीन मी तिथे धंद्याचा विचार करतो. डोळे मिटून केलेला विचार खोल जातो. आता निघतो, दोन वाजत आले.

५ सप्टेंबर
बाईंच्या बोलण्याचा अर्थ लागला. माणूस बोलतो एक, मनात असतं दुसरं. बावीस वर्षं गिऱ्हाइकं वाचलीत मी. बघून सांगतो म्हणणारा पुन्हा फिरकत नाही, आणि सहज आलो होतो म्हणणारा दोन फ्रेम घेऊन जातो. तेव्हा बाई मागची खोली म्हणाल्या, याचा अर्थ त्यांना मागची खोली नक्कीच नकोय. पाठ दुखत असणार. खुर्ची मागवली.

हॉस्पिटलचं तर उगाच. आपली किंमत कळावी म्हणून सगळेच सांगतात.

८ सप्टेंबर
खुर्ची आली. फिरते, वर-खाली होते, हात टेकायला मऊ. बाईंनी बसून पाहिली. खुर्ची चांगली आहे, आभारी आहे, म्हणाल्या. मग म्हणाल्या की प्रश्न मात्र खोलीचा होता. मी म्हटलं, एकेक पाऊल टाकू. त्यांनी विचारलं, दुसरं पाऊल कोणत्या तारखेला?

फार सूक्ष्म स्वभाव.

९ सप्टेंबर
एकट्या बाईंसाठी नाही, साऱ्या दुकानासाठीच काहीतरी करायला हवं. दिवसभर बसून ‘स्पष्ट संवादाची सत्तावीस सूत्रं’ तयार केली. सूत्र पहिलं: थोडक्यात बोला. त्याचं विवेचन अडीच पानांत आटोपलं. लॅमिनेशन करून घेतलं.

उद्या सकाळी दहाला मीटिंग. दहा म्हणजे दहा, असं बजावलंय.

१० सप्टेंबर
मीटिंग दहा पन्नासला सुरू झाली. वाटेत जुना मित्र भेटला, त्याला सूत्र पाचपर्यंत समजावलं. बाई नऊ पंचावन्नपासून वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं की यापुढे दहा म्हणजे दहा पन्नास धरायचं का, तसं असेल तर मधल्या वेळात दोन फ्रेम होतील. टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. म्हणूनच जरा जास्त लागलं. पण वेळेचा विषय सूत्र चौदामध्ये येतो. मीटिंग सूत्र सहाशी संपली, कारण दोन वाजले.

११ सप्टेंबर
आज प्रात्यक्षिक. काउंटरवरच्या ताईंनी माझी भूमिका करायची, मी बाईंची. मी सरळ प्रश्न विचारला. ताई मान खाजवत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बघू, करू, होईल हो, तुम्ही आहातच की. मग घड्याळाकडे बघून जांभई दिली. दोन गिऱ्हाइकं हसली. त्यातलं एक तर नंबर तपासायच्या खुर्चीवरून उतरून हसलं.

ताईंना नाटकाचं अंग नाही. काहीच्या काही करतात. बाई हसल्या नाहीत. त्या गंभीरपणे म्हणाल्या की बरोबर आहे, यातली तीन वाक्यं सरांनी काल वापरली, जांभई पकडून.

१३ सप्टेंबर
बाईंचा वाढदिवस. लक्षात होताच. मनातली अढी काढायची तर सरप्राइजसारखं दुसरं औषध नाही. फुगे, केक, आम्ही चौघं काउंटरखाली दबा धरून. बाई आत आल्या, आम्ही ओरडत उठलो, माझ्या कोपराखाली फुगा फुटला. बाई वळल्या आणि बाहेर गेल्या. नंबर तपासायला आलेल्या एक आजी त्यांच्या मागोमाग गेल्या. आजी अजून आलेल्या नाहीत.

बाई चाळीस मिनिटांनी परतल्या. शांतपणे म्हणाल्या की हेतू चांगला होता हे कळलं, केकही आवडला. पण कागदावरची चौथी ओळ हीच होती, बदल असेल तर आधी सांगा. मी म्हटलं, आधी सांगितलं तर सरप्राइज कसलं? त्या म्हणाल्या, हो ना, म्हणून नको.

अठ्ठाविसावं सूत्र घातलं: सरप्राइज आठ दिवस आधी लेखी कळवावं. पुन्हा लॅमिनेशन.

जाताना बाई म्हणाल्या, सात दिवस राहिले. कशाला ते विचारलं नाही, वाढदिवसाच्या दिवशी खोदून विचारणं बरं नाही.

१५ सप्टेंबर, घरी
जेवताना विषय काढला. कन्या म्हणाली, बाबा, हो की नाही ते सांगून मोकळे व्हा ना. तिला समजावलं की एखाद्याच्या तोंडावर नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. माणूस दुखावतो. बावीस वर्षांत कुणाला नाही म्हटलेलं नाही.

ही म्हणाली, माहितीय. चार वर्षांपूर्वी हिच्या भावाने विचारलं होतं की घर बदलतोय तोवर माझं कपाट तुमच्याकडे ठेवू का. मी म्हटलं होतं, बघू. कपाट अजून पॅसेजमध्ये आहे. मेव्हण्याला वाटतं मला ते आवडलंय. आज पुन्हा त्याच्यावर गुडघा आपटला.

पण नाती टिकली ना? गुडघ्याचं काय, तो बरा होतो.

१६ सप्टेंबर
अंगावर काटा आला. एक प्राध्यापक दूरचा-जवळचा एकत्र नंबर असलेला चष्मा करायला आले. शुक्रवारी प्रवासाला निघायचंय, तोवर मिळेल का, असं विचारत होते. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, होऊन जाईल, निश्चिंत राहा. मागून बाईंचा आवाज आला. नाही. काच शुक्रवारी दुपारी येते, बसवून शनिवारी अकराला मिळेल.

मला वाटलं गेलं गिऱ्हाईक. प्राध्यापक म्हणाले की वा, मग मी शनिवारी दुपारी निघतो, या दुकानात पहिल्यांदाच कुणी वेळ सांगितली. आगाऊ रक्कम देऊन गेले. माणूस सभ्य असल्यामुळे राग दाखवला नाही, इतकंच.

१८ सप्टेंबर
एक युक्ती केली. तोंडाने बोलण्यात जी मर्यादा असते ती कृतीत नसते. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवलं. त्यातून माझा मोठेपणा दिसावा, सोफाही दिसावा, आणि मधला मार्ग काय तो बाईंनी आपणहून समजून घ्यावा.

बाई उठल्या, दारापाशी गेल्या, दार लावून आल्या. म्हणाल्या की तिथून धूळ येते, काचांवर बसते.

म्हणजे त्यांनाच खोली नकोय! माझा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता. विषय संपला. दुपारी साडेतीनऐवजी चारपर्यंत विचार केला.

१९ सप्टेंबर
विषय संपलेला नाही. बाईंनी एक कागद दिला. वर एक ओळ: माझं टेबल मागच्या खोलीत हलवायचं का? खाली दोन चौकोन. एकासमोर हो, एकासमोर नाही. त्याखाली: एकात खूण करा, उद्या सहापर्यंत.

इतका सुबक फॉर्म आयुष्यात पाहिला नाही. सगळ्यांना दाखवला. सूत्रांच्या पुढच्या आवृत्तीत नमुना म्हणून घालणार. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या की तो भरायचा असतो.

२० सप्टेंबर, संध्याकाळी ६.२०
दिवसभर कागद समोर. दोनदा ‘हो’पाशी पेन नेलं. सोफा दिसला. एकदा ‘नाही’पाशी नेलं. बाईंचा चेहरा दिसला. पाच पन्नासला सुचलं. दोन्ही चौकोनांच्या बरोबर मधोमध एक ठसठशीत खूण केली आणि खाली लिहिलं, सविस्तर बोलू.

बाईंनी कागद हातात घेतला. उजेडात धरला. पट्टी आणून खूण कोणत्या चौकोनाच्या जवळ पडते तेही मोजलं. दोन्हीकडून सारखीच भरली. हात स्थिर आहे माझा. सहा वाजता त्यांनी वही बंद केली आणि ‘ठीक आहे’ म्हणून गेल्या.

ठीक आहे म्हणाल्या. सुटलो.

२२ सप्टेंबर
बाईंनी हॉस्पिटलला होकार कळवलाय. तीस तारखेला शेवटचा दिवस.

मी म्हटलं, अहो पण मी हो म्हणालो होतो! त्यांनी विचारलं, कोणत्या तारखेला? वही उघडून तयार.

काउंटरवरच्या ताईंना विचारलं, मी हो म्हणालो होतो की नाही? त्या म्हणाल्या, बघू. घरी हिला विचारलं. ही नुसती कपाटाकडे बघत राहिली.

इथे दुसरं कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. पूर्वी आठवड्याला पाच-सहा चष्मे परत यायचे, डोकं दुखतं, तिरकं दिसतं म्हणून. बाई आल्यापासून एकही आला नाही. मला त्या जायला नको आहेत. अगदी नको आहेत.

२३ सप्टेंबर
ठरलं. बाईंना थांबवायचं, आणि सूचकपणे थांबवायचं. सोफ्याला चादर घातली, जरा निरोप घेतल्यासारखा दिसावा म्हणून. बाईंनी पाहिलं. चादर कशाला, असं विचारलं. म्हटलं, सहज.

२७ सप्टेंबर
रेडिओवर मुद्दाम उदास गाणी लावली. आवाज मोठा ठेवला, भावना पोचावी म्हणून. बाई कानात बोळे घालून काम करत होत्या.

३० सप्टेंबर, संध्याकाळी ७
बाईंनी टेबल पुसलं, हत्यारं मोजून ट्रेमध्ये लावली, नव्या माणसासाठी मशीनची एकपानी माहिती लिहून ठेवली. एकच पान. सगळं कळतं.

मग माझ्यासमोर येऊन म्हणाल्या की आता निर्णयाचा काही संबंध नाही, फक्त माहिती म्हणून विचारते, तुमच्या मनात उत्तर काय होतं?

काय झालं कुणास ठाऊक. सूत्रं आठवली नाहीत. तोंडातून निघून गेलं, नाही. मागची खोली मला हवीय. मी तिथे दुपारी झोपतो.

सांगून टाकलं. वाटलं, आता दुखावणार.

बाईंचा चेहरा उलट मोकळा झाला. धन्यवाद म्हणाल्या, अगदी मनापासून. मग वही उघडून पुढचं पान दाखवलं. त्या एका वेळी एकच प्रश्न विचारतात. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं की दुसरा विचारायचा, असं ठरलेलं. दुसरा प्रश्न होता: दुपारनंतर रेडिओ बंद ठेवता येईल का? तिसरा: टेबल भिंतीकडे फिरवता येईल का? यातलं काहीही एक झालं असतं तरी मी थांबले असते, म्हणाल्या. तुम्ही चार तारखेलाच नाही म्हणाला असतात तर पाच तारखेला रेडिओचं विचारलं असतं.

मी विचारलं की आता काही करता येईल का. विनंती केली, सरळ शब्दांत, पहिल्यांदाच. बाई म्हणाल्या, नाही, तिकडे हो म्हटलंय. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगितलं असतं तर मी अजून आशा धरून बसलो असतो. नमस्कार करून गेल्या.

रेडिओ बंद केला. दुकान एकदम शांत झालं. टेबलही भिंतीकडे फिरवून पाहिलं. अर्धं मिनिट लागलं.