ती घंटा माझ्याच हाती का?

सर,

मला नावाने हाक मार, असं तुम्ही कितीदा सांगितलंत, पण वडिलांच्या वयाच्या गुरूला नावाने हाक मारायला माझी जीभ वळली नाही. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं झाली, तरी एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही.

दर मंगळवारी कनाटा उपनगरातल्या ऑफिसातून सुटून मी तुमच्या तालमीला यायचे. चर्चचं बेसमेंट, दाराशी ओल्या बुटांची रांग आणि मधोमध तुम्ही. तिकडे आफ्रिकेत, अक्राच्या हॉटेलांत जॅझ बँडबरोबर काँगो ढोल वाजवत तुम्ही सुरुवात केलीत, मग वीस वर्षं मॉन्ट्रियलचे क्लब. आणि साठीला ते सगळं सोडून आम्हा दहा-बारा हौशी लोकांचं आफ्रिकी ढोलपथक उभं केलंत. आमच्यात तुम्हाला काय दिसलं, हेही मला कधी कळलं नाही.

मी पुण्यात आठ वर्षं तबला शिकलेली. पथकात माझीच बोटं तयारीची, अशी माझी ठाम समजूत. त्यामुळे पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या तोंडावर तुम्ही माझ्यापुढचा ढोल उचललात आणि हातात लोखंडी घंटा अन् काठी दिलीत, तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "यू कीप धिस. नो चेंज, नो डेकोरेशन," एवढंच म्हणालात. पुण्याच्या आमच्या क्लासात नवशिक्याला टाळी देत ताल धरायला बसवत. मी तेच समजले. "इट्स ओके, सर," म्हणाले आणि पुढच्या मंगळवारी आलेच नाही.

तुम्ही गेल्यावर पथकातली एक बाई ग्रोसरी करताना भेटली. तिच्याकडून कळलं की सगळे ढोल त्या घंटेवर चालतात, ती चुकली की पथक कोसळतं, आणि माझ्याआधी तुम्ही ती कुणालाच दिली नव्हती. मग तो मान होता का? की माझी बोटं सारखी नक्षीकाम करतात म्हणून घातलेला लगाम? मला दोन्ही खरं वाटतं. कधी अभिमान वाटतो, कधी लाज, आणि कधी तुमचाच राग येतो. दोन वाक्यं जास्त बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

हे पत्र कुठे धाडणार? तरी एक सांगून टाकते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तुमचा फोन आला. मुलीने उचलला. "मॉम, युअर ड्रम टीचर." मी हातानेच नाही म्हटलं. "शी इज नॉट होम," ती म्हणाली. तुम्ही तिला काहीतरी समजावून सांगत राहिलात. ती निरोप द्यायला वळली, तर मी म्हटलं, नको सांगूस.