कंट्रोलवाल्या नातीस

चि. निकिताबाई, तुला या म्हातारीचा पोटभर आशीर्वाद. इकडं माझा गुडघा सोडून समदे मजेत हायेत (समदे म्हणजे मी, शेळी आन भिंतीवरचं घड्याळ). तुझ्या बापाचं पोट कसं हाय? पुण्याचं पाणी गोपाळला पयल्यापासून मानवत न्हाई.

तू फोनवर बोललीस की कालिजात कंट्रोल युनिट शिकायलीस, तवा मला लय खुशी झाली. नात रेशनच्या कंट्रोलला लागली! शेजारच्या सगुणाबाईला सांगितलं, तिनं हापशावर सांगितलं, आन सांजच्याला दारात बाया पिशव्या घेऊन हजर. "सरजामावशी, नातीला म्हणा, आमच्या कार्डावर गहू वाढवा." मी बी तोऱ्यात, "वाढविते" म्हणले. आपले कंट्रोलवाले किशनराव तर बोलंनात. त्यांना वाटलं, तू त्यांचं दुकान घ्यायलीस.

मग तू हसून हसून समजावलंस. कांपुटरच्या पोटात बी एक कंट्रोल असतंय. ते सोता बेरीज करत न्हाई, काही साठवत न्हाई. नुसता हुकूम आणायचा, त्याचा अर्थ लावायचा, आन घड्याळाच्या ठोक्यावर ज्याला त्याला कामाला लावायचं. आगं, हे तर मीच की! चूल तुझ्या मायनं फुकली, हिशेब मालकानं केला, पर मी वसरीवर बसून "मनिषा, डाळ उतरव, गोपाळ, बैल सोड" म्हणल्याबिगर या घरात पान हललं न्हाई. (तुझी माय म्हणायची, "आत्याबाई हात लावत न्हाईत, नुसतं तोंड लावतेत." तिला सांग, तेच शिकायला आता लेकरं फी भरायलेत.)

कंट्रोल अजून चालू हाय बरं. ठोका पडला की तोंडातून हुकूम निघतोय. काल "दिवा लाव गं" म्हणले. कुणी उठलं न्हाई. मग मीच "लावते आत्याबाई" म्हणले, आन मीच लावला. शेळीला "ताट वाढ" म्हणले, तर तिनं तुझ्या बापाचा जुना रुमाल खाल्ला. पर मला करमत न्हाई, असं काही मनात आणू नको.

तुझी कामात गुतलेली आजी,
सरजाबाई

ता.क. कंट्रोलचं पयलं काम 'आण' म्हणायचं, असं तू बोललीस ना? तसा तुझ्या बापाला हुकूम दिला, निकिताला आण. "सुट्टी न्हाई" म्हणला.

आजून एक ता.क. बाया पिशव्या घेऊन रोज यायल्यात. त्यांना गव्हाचं काय ते तूच येऊन सांग. हा हुकूम न्हाई गं. इनंती हाय.