दवाखान्यातल्या सफरचंदाचा केक

प्रिय सुमे,

मेलेल्या माणसाले पत्र लिहिणं म्हणजे रिकामटेकड्याचं काम, असं म्याच म्हणलं असतं. पण तुह्या घरात हे जे चालू आहे ते कोणाले सांगू? शेजारणीले सांगतलं तं गावभर होते. लेकाले सांगतलं तं तो म्हणते, माय, तू घरी ये. म्हणून तुह्या ओट्यावर बसून तुलेच लिहून राह्यली. चौथीपर्यंतची शाळा आहे माही. अक्षर पाहून हासू नको. लहानी बहीण असून सातवी शिकली म्हणून तू काही कलेक्टर नव्हती झाली!

तू गेल्यावरच्या जलदानाच्या कार्यक्रमाले मी अठी लोहाऱ्यात आली. वंदना झाली, जेवणं झाले, पाहुणे आपापल्या गाडीनं गेले. मीही घरी जायले नेरची गाडी धरणार होती. थैली भरून तयार होती. पण देवरावकडे पाह्यलं आन् थैली खाली ठेवली.

तुहा नवरा चूप झाला, सुमे.

पहिले मले वाटलं, बायको गेली, माणूस चूप बसनच. चार दिवस बसन, मंग उठन. पण हे चूप वेगळं होतं. तुले तं माहीत आहे, जिनिंग दिवाळीपासून बंद. बोंडअळीनं कापूस खाल्ला, राह्यला त्याले भाव नाही, मंग गाड्या येतीन कुठून? मशिनी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हाताले काम नाही. तू होती तोवर दवाखान्याच्या चकरा तरी होत्या. डबा ने, औषध आण. तू गेली आन् तेही काम संपलं.

आजकाल आपल्याकडे माणूस चूप बसला का घरच्या बायाईचा जीव उडते. तुह्या लेकीच्या, मायाच्या सासरी, आर्णीकडे, फवारणीचं औषध बायाच कुलपात ठेवतात. किल्ली कंबरेले. बोलत कोणी नाही, पण साऱ्याईले माहीत असते. मायानं अठी येऊन तेच केलं. उंदराचं औषध, झुरळाचं औषध, सारं उचलून शेजारच्या कुसुमकडे ठेवून आली. म्या पाह्यलं तं म्हणे, "मोठ्याई, घरात मुंग्या झाल्या होत्या."

मुंग्या! मुंग्या झाल्यावर औषध घरात आणतात का बाहेर नेतात व?

म्या तिले झापलं. म्हणलं, नाटकं कायले करतं, माणसाले पोटभर जेवायले घाल, आपोआप ठिकाणावर येईन. आन् लागली मी रांधायले. झुणका केला. वांग्याचं भरीत केलं. मटण केलं. ताट जसं नेलं तसं परत. "भूक नाही, बाई," एवढं म्हणत आन् भिंतीकडे तोंड. मंग तेवढंही म्हणणं बंद झालं. तेव्हा मीही भेली. पण मी बोलली नाही. बोलली असती तं माया अजून घाबरली असती.

तुह्या घरात एकच गोष्ट उदंड होती, सफरचंदं. तुले भेटायले जो आला तो सफरचंद घेऊन आला. तुले पाण्याचा घोट उतरत नव्हता आन् लोक किलोकिलोनं सफरचंद आणून राह्यले होते! आपल्याकडे ते आजाऱ्याचंच फळ. बाजारात कोणाच्या थैलीत दिसलं का लोक विचारतात, "कोण भरती आहे?" तू तं एक फोड नाही खाल्ली. ते सारे टोपल्यात सुरकुतून पडले होते, म्हातारीच्या गालासारखे.

कुसुम म्हणे, "गेलेल्या माणसाच्या उशाची फळं खाऊ नये, बाई. गायीले टाका."

म्या म्हणलं, "गायीले चालते तं माणसाले काहून नाही चालत?"

तवा माया हळूच म्हणे, "मोठ्याई, बाबाले आईचा केक लय आवडे. करता का?"

केक! आन् मी! तुले वरती हासू आलं असन.

आपली आई रेस्टहाउसवर भांडे घासे. तठच्या खानसाम्यानं तिले केक शिकवला. साहेबाईच्या टोपलीतली उरलेली सफरचंदं आई घरी आणे आन् किसून त्यात टाके. तसा तो आपल्या घरचा झाला. तिनं दोघीले सारखंच शिकवलं ना? कणीक, गूळ, दही, डालडा, सोडा, जायफळ. सारं कालवून जर्मनच्या गंजात ओतायचं, गंज रेतीवर ठेवायचा, झाकणावर निखारे. मंग काहून व माहा केक गोवरी आन् तुहा केक बोट लावलं का ओला? सारे पाहुणे तुह्याच केकाले हात घालत. माहा केक म्हणजे लेकरं कुत्र्याले फेकत.

किती वेळा विचारलं म्या तुले! तू म्हणे, "बाई, तुह्या हाताले घाई आहे. घडीघडी झाकण उघडून पाहतं." बरं, म्या झाकण उघडणं सोडलं. तरी गोवरीच. तू म्हणे, "आईचा हात मले आला असन." आईचा हात म्हणल्यावर कोण काय बोलन?

तं मागच्या अंगणातली तुही चूल पेटवली. सफरचंदं सोलली, किसली. झाकणाले हात नाही लावला, तुही शपथ. वास तं लय चांगला सुटला. गंज उपडा केला तं काय! ताटात पडल्यावर ठक्कन आवाज आला.

माया तोंडावर पदर धरून उभी. मी म्हणली, जे झालं ते झालं. एक तुकडा कापला आन् देवरावच्या समोर ठेवला. "खा. वाईट झाला. तरी खा."

काय मनात आलं त्याईच्या, माहीत नाही. उचलला. चावला. चावूनच राह्यले. मंग पाणी मागतलं. एक गिलास पाणी पिले आन् म्हणतात कसे, "पाक नाही टाकला?"

इतक्या दिवसानं तोंड उघडलं ते हे!

"कायचा पाक?"

"सुमी टाके तो."

"केकात पाक नसते, देवराव."

"केकात नसते, बाई. केकावर."

सुमे! अवं सुमे! तुहाही कोरडाच होत होता?

त्याईनं सारं सांगतलं. केक निघाला का तू तो उलटा करे, स्वेटरच्या सुईनं भोकं पाडे. सफरचंदाच्या साली पाण्यात उकळून त्यात गूळ टाके आन् गरम गरम वरून ओते. पहिला केक कडक झाला तवा रडत बसली होती म्हणे, का बाई आता हासन. मंग हे सुचलं. आन् इतक्या वर्षात मले नाही सांगतलं! मी तुले खाऊन टाकणार होती का?

"आन् मले कसं नाही दिसलं कधी?" म्या विचारलं.

"तुम्ही येणार असल्या का मले फाटकात उभं करे. बाई कोपऱ्यावर दिसली का खोका, म्हणे."

"म्हणून तुम्ही मले पाहून नेहमी खोकलत होते? मी समजली कापसाची धूळ गेली छातीत!"

"धूळही होतीच," देवराव म्हणे.

माया हासली. मीही हासली. काय करू? मंग ते म्हणे, आईचाही कोरडाच होये, तूच सांगतलं होतं त्याईले. म्हणून आई चहात बुडवून देत असे. आन् खरंच व! आईनं चहाबिगर केक कधी दिलाच नाही आपल्याले. मी बापा जन्मभर आईचा हात शोधत बसली!

देवरावच्या तोंडावर हासू होतं, सुमे. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. मंग ते गेलं. त्याईनं ताट बाजूले सारलं आन् म्हणाले, "बाई, मले जगावं वाटत नाही."

कोणी म्हणते ना, भाजीत मीठ कमी आहे, तसं म्हणाले.

मी कधी उत्तराले अडली का? तूच सांग. लग्नात, भांडणात, बाजारात, कुठी अडली? तवा अडली. सारे म्हणतात तसं म्हणावं वाटलं, का असं बोलू नये, लेकीकडे पाहा, नातवाकडे पाहा. पण हे सारं त्याईले माहीत नसन का? माहीत असूनच तं म्हणून राह्यले होते.

"रोज वाटते?" म्या विचारलं.

"सकाळी जास्त."

"बरं केलं सांगतलं," मी म्हणली.

एवढंच सुचलं मले. बरोबर होतं का चूक, देव नाही मानत आपुन, नाही तं त्याले विचारलं असतं. माया दाराले धरून रडून राह्यली होती. म्या तिले चूल पेटवायले धाडलं. कारण काही तरी करावं लागते. मंग देवरावले म्हणलं, "उठा. तो पाक कसा असते ते दाखवा. माह्यानं नाही होत."

उठले. चुलीजवळ बसले. साली उकळल्या, सुईनं भोकं पाडले, ओतलं. झाला ओला. दोन तुकडे खाल्ले त्याईनं. म्याही खाल्ला. चांगला होता, म्हणून तं राग आला तुहा.

खाता खाता म्या सांगून टाकलं, "उद्या दवाखान्यात जाऊ."

"कोणत्या?"

"यवतमाळच्या, मोठ्या."

"सुमी गेली त्याच?"

"त्याच. दुसरा कुठी आहे आपल्याले? तठी डोक्याचा डॉक्टर असते. मायानं विचारून ठेवलं."

"लोक पागल म्हणतीन."

"लोक आता काय म्हणतात ते तुम्हाले माहीत आहे का?" मी म्हणली.

दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत नीट आले. फाटकात पाय थांबले ते थांबलेच. लोक धक्के देऊन राह्यले, रिक्षावाले ओरडून राह्यले. पहिलेची मी असती तं झापलं असतं. नाही झापलं. त्याईच्या सदऱ्याची बाही धरली आन् उभी राह्यली. लय वेळ उभे होतो. मंग आत गेलो.

तुह्या वॉर्डासमोरून जावं लागलं. त्याईनं मान खाली घातली. म्या मात्र पाह्यलं. तुह्या खाटेवर दुसरी बाई होती. तिची लेक तिची वेणी घालून देत होती. म्या मनात म्हणलं, बरी होऊन जाय बाप्पा तू तरी.

डॉक्टर म्हणजे मायाएवढी पोरगी. तिनं मले बाहेर बसवलं. मले! दाराले कान लावला, काही ऐकू नाही आलं. लय वेळ बोलले आतमध्ये. तिले काय सांगतलं असन व त्याईनं? मी विचारलं नाही. पोरगी बाहेर येऊन मले म्हणे, "मावशी, गोळ्या चालू ठेवा. एकटं सोडू नका. दर सोमवारी घेऊन या." म्या म्हणलं, किती सोमवार? ती म्हणे, आता नाही सांगता येत.

बरं झालं सारं, असं समजू नको, सुमे. गोळ्याईनं दिवसा डोळे मिटतात आन् पहाटे टक्क उघडे. काल अर्धी भाकर खाल्ली. आज काही नाही. सकाळी उठून अंगणात उभे राहतात तं माया एका खिडकीतून पाहते, मी दुसऱ्या. ते दोघीले पाहतात. त्याईलेही समजते ना.

आन् मायाले उद्या आर्णीले जावं लागते. लेकरू सासूजवळ टाकून आली. तिचा नवराही आजकाल कमी बोलते, म्हणे. आज ती तुह्या खोलीत उभी राहून मले म्हणे, "मोठ्याई, मी कोणत्या घरी राहू?" काय सांगू तिले? म्या तिची पिशवी भरली.

कुसुम काल फाटकात विचारून गेली, "बाई, साळी जवायाच्या घरी किती दिवस राहते?" म्या म्हणलं, "जितके दिवस शेजारीण विचारते तितके." लेकाचा फोन येते, "माय, कवा येतं? वेचणीले बाया नाही." त्याचंही खरं आहे. माह्या घरीही काम पडलं आहे. माह्याही गुडघ्याले इतक्या चकरा सोसत नाहीत.

तू तं सुटली, सुमे. रागानं नाही म्हणत. थोडं रागानं म्हणते. तुनं त्या माणसाले चहाही ठेवायले नाही शिकवलं. तू बोले आन् तो ऐके, असं चाललं तुमचं. आता ऐकायले कोणी बोलत नाही, म्हणून भरलं घरही रिकामं. माह्या तोंडाले काही कमी नाही, पण ते तुह्यासारखं गोड नाही. चालवून घेतीन का ते? पाहू.

वचन-बिचन मोठ्या लोकाईचं काम. मले फक्त एवढं माहीत आहे. लेकाले सांगून टाकलं, वेचणी तुही तू पाह्य. तुले त्या दवाखान्यातून चालतं घरी आणता नाही आलं मले. देवरावले दर सोमवारी बाही धरून नेईन आन् दर सोमवारी बाही धरून घरी आणीन, जवापर्यंत ते स्वतः होऊन म्हणत नाहीत का बाई, आता सोडा.

तुही,
बाई