न चिरलेली पानं

४ फेब्रुवारी
वैताग! टोमॅटोच्या न चिरलेल्या रोपांतही बचावाची प्रथिनं सापडली. एक पान चिरलं की जखमेतून इशारा निघतो आणि काही तासांत लांबची, धड असलेली पानंही अळीला न पचणारी ही प्रथिनं बनवू लागतात. इथवर ठीक. पण जखमच नाही, तर इशारा कुठला? आता चिरलेल्यांची तुलना कशाशी करू? सगळ्या हंगामाचं काम पाण्यात.

६ फेब्रुवारी
कारण सापडलं — बाबा!
आई गेल्यापासून त्यांना घरी एकटं ठेवत नाही, सोबत ग्रीनहाउसमध्ये आणते. ते रोपांशी गप्पा मारतात, पानांवरून हात फिरवतात. ‘काय गं ठमे, आज मान का टाकलीस?’ वारंवार स्पर्श झाला तरी रोप सावध होतं, वाढ आखडती घेतं — हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. आणि मलाच दिसलं नाही!
सगळ्यांसमोर बोलले. ‘बाबा, तुमच्या हातानं वाटोळं झालं. यापुढे कशालाही हात लावू नका.’
‘बरं बाई,’ म्हणाले. हसलेसुद्धा. रुमालाला हात पुसले आणि बाकावर जाऊन बसले.

७ फेब्रुवारी
बाबा आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

१९ फेब्रुवारी
बाबा दादाकडे राहायला गेले. ‘तुझं काम होऊ दे निवांत.’ मी ‘थांबा’ म्हटलं नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

११ मार्च
नवी रोपं. बाबा नाहीत, तरी पुन्हा तेच!
फक्त कोपऱ्यातला एक ट्रे साफ आहे. त्याची पानं मोजायचा मी कंटाळा केला होता. बाकी प्रत्येक पान रोज सकाळी चिमटीत धरून मोजपट्टी लावणारी कोण? मीच. बाबांचा हात तर किती हलका! ते जेवढं गोंजारत, त्याच्या दसपट मी चिमटे काढत होते.
आणि खापर फोडलं कुणावर!

१२ मार्च
बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. ‘चूक माझी होती. परत या ना.’
‘अगं, असू दे. रोपं बरी आहेत ना आता?’
येतो म्हणाले नाहीत. मीही आग्रह केला नाही — कुठल्या तोंडानं करणार?

१६ मार्च
वहिनीचा फोन, दबक्या आवाजात. बाळ रांगत रांगत बाबांच्या पायाशी जातं, धोतर ओढतं, रडतं. पण ते उचलून घेत नाहीत.
‘तूच घे,’ म्हणतात. ‘माझा हात नको.’