अंगठ्यावरचा फोड

फाल्मथ बंदर, ३ जून १८९३
ती. ग्वेनताईस,
इफोरचा सा. न. वि. वि.
उद्या आमचे जहाज निघेल. पोर्तुगालहून दुसरे जहाज समुद्राच्या तळाशी तारायंत्राची तार टाकत आले आहे. इकडून आम्ही टाकत जाणार आणि भर समुद्रात दोन टोकांचा जोड मी करायचा. तांब्यावर मलायातल्या झाडांचा चीक चढवून शेवटचा हात ओल्या, उघड्या अंगठ्यानेच फिरवावा लागतो. म्हणून आम्हा जोड करणाऱ्यांना जड काम मना, आणि एरवी सदैव हातमोजे. त्यावरून बाबा मला बाईसाहेब म्हणतात, ते तुला ठाऊकच आहे.
काल एक खलाशी घसरला. नेमके तेव्हा हातमोजे काढलेले होते; त्याला वाचवायला मी उघड्या हाताने दोर धरला आणि उजव्या अंगठ्याला मोठा फोड आला. फोडाचे पाणी चिकात गेले तर जोडातून वीज गळते. मी वरिष्ठांना, पेनरोजसाहेबांना, लगेच सांगितले. वयामुळे त्यांना स्वतःला आता जोड जमत नाही. म्हणाले, डावा अंगठा वापर. बिघडलं तर थेट बापासारखा कोळशाच्या खाणीत कामाला जा. ताई, मला झोप नाही.
या फोडासकट लोभ असू द्यावा.
इफोर

टोनिपँडी, ६ जून
चि. इफोर यास,
ग्वेनचे अ. उ. आ.
पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, बाईसाहेबांना फोड आला, आता राणीसरकारचं कसं होणार! राज्य चालतं आमच्या कोळशावर, तारेने का बॉयलर पेटतो? मी म्हटलं, कोळशाचं जहाज कुठे न्यायचं ते तारच सांगते. त्यावर मला पाव कापायला लावला.
पण सोबतची मेंढीच्या चरबीची डबी त्यांनीच बांधली आहे. डबी तुझ्या हाती लिस्बनला पोचेपर्यंत फोड जाईल म्हटलं, तर म्हणाले, दुसरा येईल.
जपून राहा, लोभ आहेच.
ग्वेन

लिस्बन, २१ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
डाव्या अंगठ्याने जोड केला, आणि चाचणीत वीज गळू लागली. सगळ्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिले. दोन दिवस तार वर ओढली. माझा जोड कापून पाण्याच्या टबात चोवीस तास ठेवला. पण वीज मोजणाऱ्या यंत्राचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे जोडातून गळती नाही! गळती तीन मैल पुढे होती. बाहेरच्या लोखंडी कवचाची तुटकी तार आत चिकात घुसली होती.
नवा जोडही पेनरोजसाहेबांनी मलाच दिला. आता लंडनचा हुकूम मिनिटांत इथे येतो आणि पुढे एडन, मुंबई, सिंगापूरला जातो. आरमाराला शत्रूच्या आधी कळेल! काल पहिल्या निरोपांबरोबर मला घरी तारेने तीन शब्द पाठवू दिले.
डबी मिळाली. बाबांना नमस्कार, लोभाला तूट नसावी.
इफोर

टोनिपँडी, २७ जून
चि. इफोर यास,
अ. उ. आ.
तुझे तीन शब्द पत्राच्या कितीतरी आधी आले. ‘जोड माझा पक्का.’ बाबा नुकतेच खाणीतून आले होते. कागद घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. घंगाळात दोनदा साबण लावून हात धुतले, पुसले, मग कागद धरला. वाचता येत नाही, म्हणून माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.
जहाज आमच्याच कोळशावर गेलं, हे ते चर्चमध्ये प्रत्येकाला सांगतात. पण कागद बघायला कुणी हात पुढे केला की ओरडतात, आधी हात धू, माझ्या पोराची तार आहे.
आम्हा दोघांचा लोभ तुझ्याकडे निघाला आहे, पत्रानेच, सावकाश.
ग्वेन