पुसलेला डाग

आष्टी, २५ जानेवारी १९९१, शुक्रवार

आज स्टुडिओतून फोटो आणले आणि जेवण गेलं न्हाई. अमावास्येला गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा बांधून, ती हाताने ताऱ्यांमागे सरकवत, वृषभाच्या शिंगाजवळचा तो धुरकट ठिपका टिपला होता. कधीकाळी फुटलेल्या ताऱ्याचं तेवढंच उरलंय. फोटोत बाकीचे तारे आहेत सगळे. ठिपका न्हाई.

स्टुडिओवाले सुगनचंदकाका खुशीत सांगून राह्यले, "मास्तर, निगेटिव्हवर एक डाग आल्ता. ब्लेडनं हळूच खरवडून काढला. आता बिलकुल साफ आहे बघा."

आयुष्यभर लोकांच्या चेहऱ्यांवरचे देवीचे व्रण त्यांनी असेच काढले. आणि ठिपका कुठं जातोय, पुढच्या अमावास्येला पुन्हा टिपता येईल. मंग एवढं का लागलं?

घरी येऊन भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर बसलो. ती गेल्यावर तिच्या एकुलत्या एक फोटोची निगेटिव्ह मोठा फोटो करायला काकांकडंच दिली होती. तिच्या हनुवटीवर तीळ होता. फोटोत न्हाई. डावीकडं होता की उजवीकडं, मघापासून आठवून राह्यलो.