विहीणबाईंच्या घरचं पाणी

५ जानेवारी १९८३
कुंदा बाळंतपणाला आली. पेटी उघडली तर पांढरे परकर पिवळट-गुलाबी. म्हटलं, रंगपंचमी खेळून आलीस का? "विहिरीच्या पाण्यात धुतले की असेच होतात आई. डाळ पण शिजत नाही." हे आत्ता सांगते, लग्नाला दीड वर्ष झाल्यावर!
व्याह्यांचा सूत रंगवायचा कारखाना कुही गावाकडे, नाल्याला लागून. रंगाचं पाणी नाल्यात, नाल्याच्या काठावर घरची विहीर. आंधळ्यालाही कळेल. मला कळलं नाही, कारण मी तिथं थेंबभर पाणी प्यालेले नाही. नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आईनं पाळलं, मी पाळलं, वर मिरवलं. घरून फिरकीचा तांब्या भरून नेत होते. डोंबलाची रीत.

११ जाने.
हे म्हणाले, आता पाण्याचा कायदा आहे, कारखान्याला असं सोडता येत नाही. कायदा झाल्याचं नाल्याला कोणी कळवलं नसावं.
मी स्वतः त्या कायद्याच्या ऑफिसात गेले. साहेब तरुण, गोड बोलतो. "येऊ ना बाई. त्यांना कळवून येऊ." म्हणजे चोराला तार करून चोरी पकडणार. वर म्हणतो, तिथं राहणारं, ते पाणी पिणारं कोणी बोललं तर काही होईल, नाहीतर... आणि चहा मागवला. गावातल्या निम्म्या चुली त्या कारखान्यावर. बोलणार कोण?

२७ जाने.
मुलगी झाली. नाक आमच्याकडचं, देवाची कृपा.

३० जाने.
विहीणबाई नात पाहायला आल्या. कुंदाचे केस गळतात म्हटलं, तर म्हणे, "नागपूरच्या पोरींचे नखरे व्हय ते. आमचा म्हातारा तेच पाणी पिऊन नव्वदीले टेकला."
मी: तेव्हा नाल्यात रंग होता का?
"रंगाच्याच पैशाच्या पाटल्या हायेत तुमच्या पोरीच्या हातात, ईनबाई."
कुंदा खाली मान घालून बसली. हे अंगणात गेले. यांना अंगण नेहमी वेळेवर आठवतं.

१६ फेब्रु.
साहेब जाऊन आला. कारखाना नेमका त्या दिवशी बंद. नाला नितळ. घरी पाणी दिलं तेही छान होतं म्हणे, प्यायला ना तो स्वतः! दोष नाही. मेल्याला पाहुणचार करून पाठवला.
तक्रार मी केली हे जावयाला कळलं, त्यानं कुंदाला सांगितलं. कुंदा भडकली. "तू काहून गेली तिथं? त्या घरात मले राहायचं आहे, तुले नाही." दोन खोल्यांच्या घरात दोघी तोंड फिरवून बसलोय. राग तिचा नाही येत. येतो त्या लोकांचा.

२० मार्च
आज कुंदाला आणि छकुलीला पोचवायला गेलो. आता नात झाली म्हणून मोठं जेवण. वाड्यात पंगत, चार गावकरी. वि.बाईंनी सगळ्यांसमोर पेला पुढे केला. "आता तं प्या. आता कोणती रीत आडवी येते?"
चूळ भरून थुंकायचं मी घरूनच ठरवून गेले होते. प्याले. गोड, गार, स्वच्छ. लाज वाटली, खोटं कशाला लिहू. महिनाभर जिभेवर घोळवलेले शब्द त्या पाण्याबरोबर गिळले. वि.बाई हसल्या, "झालं समाधान?"
हात धुवायला मागच्या दारी गेले. तिथं कुंदा पाहुण्यांसाठी भरलेल्या गुंडातून, त्या मोठ्या पितळी कळशीतून, पेलाभर पाणी काढून पदराआड नेत होती. म्हटलं, चोरतेस का गं? "गुटी उगाळायला. पाहुणे गेले की हा गुंड नसतो आई. हे पाणी शेतावरच्या विहिरीचं, बैलगाडीनं येते. साहेब आला तेव्हाही आणलं होतं." शेजारी दुसरा गुंड. "तो आमचा."
म्हणजे ठाऊक आहे! या सगळ्यांना ठाऊक आहे! मी समजत होते मूर्ख आहेत.
त्या 'आमच्या' गुंडातून पेला भरला. कुंदा म्हणाली, आई नको. पंगतीत जाऊन व्याह्यांच्या ताटाशी ठेवला. "घ्या व्याहीबुवा. आता तुमची पाळी."
त्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "मी जेवताना पाणी पीत नाही."
 वि.बाईंनी भाताचं पातेलं उचललं आणि तिथंच उभ्या राहिल्या. जावई ताटात बोटानं रेघा मारत होता. दाराच्या चौकटीत कुंदा, कडेवर छकुली. तिनं सासऱ्याचं उत्तर ऐकलं.
बसपर्यंत पोचवायला आली.  बस दिसली तेव्हा विचारलं, "त्या साहेबाचं ऑफिस किती वाजता उघडते?"
म्हटलं, साडेदहा.
छकुलीचं टोपडं नीट केलं आणि परत फिरली. हे म्हणाले, "तुझ्यापायी पोरीचा संसार मोडेल." म्हटलं, मोडू दे. मग सगळी वाट खिडकीकडे तोंड करून रडले.

२५ मार्च
रोज ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसते. शिपाई आता ओळखतो. "बाई, आत या ना." आत माझं काय काम? मी ते पाणी पीत नाही.
आजही समोरच्या थांब्यावर कुहीकडची सकाळची गाडी आली, तीत कुंदा नव्हती. दुपारचीही आली. सोबत उकळलेलं पाणी बाटलीत नेते, छकुली बरोबर असली तर. संध्याकाळी तसंच परत आणते आणि तुळशीला घालते.
उद्याचं पाणी उकळायला ठेवलं आहे.